बेकार तरुणाची अपयशभावना: चर्चा कुठवर आली आहे

प्रश्न कोणता

बेरोजगारीचा आकडा दर वर्षी जाहीर होतो, त्यावर अग्रलेख येतात, विधानसभेत खडाजंगी होते. त्या आकड्यात मोजल्या गेलेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं, ही बाब मात्र बराच काळ घरगुती समजली गेली. आईने समजूत काढावी, मित्रांनी धीर द्यावा, बस्स. खरं तर या प्रश्नावर गेली नव्वद वर्षं गंभीर संशोधन होत आलं आहे आणि त्यात आजही एकमत नाही. काम नसलं की माणूस खचतो, हे सगळ्यांना मान्य आहे. तो नेमका कशाने खचतो, खचल्यावर दोष स्वतःकडेच का घेतो आणि त्याला सावरायचं तर आधी काय हाती द्यायला हवं, इथे मतं फुटतात. महाराष्ट्रात हा प्रश्न स्पर्धा परीक्षांच्या तयारीत सगळ्यांत उघडपणे दिसतो, म्हणून पुढची बरीच उदाहरणं तिथली आहेत.

मारिएनथालपासून सुरुवात

या विषयाचं मूळ व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गिरणीवस्तीत आहे. १९२९-३० मध्ये तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकाच वेळी बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह तिथल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. उपाशी कामगार बंड करून उठतील, असा त्या काळातला समज होता. त्यांना आढळलं ते उलटंच. लोकांच्या हाती वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. अभ्यासकांनी खिडकीआड बसून, हातात घड्याळ धरून, रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत होते, मध्येच थांबत होते. बायका लगबगीने जात होत्या, कारण गिरणी बंद पडली तरी त्यांचं घरकाम संपलं नव्हतं.

या निरीक्षणांवर याहोडा पुढे अनेक वर्षं विचार करत राहिल्या. १९८२ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी नकळत देत असते: दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सामायिक उद्दिष्ट, समाजातलं स्थान आणि हाताला काम. नोकरी गेली की या पाचही गोष्टी एकदम जातात. पुढच्या बहुतेक संशोधनाने एक तर ही मांडणी उचलून धरली किंवा तिच्याशी वाद घातला.

बेकारीने मन खचतं, की मुळात खचलेल्या माणसालाच नोकरी मिळत नाही? हा आक्षेप रास्त होता. कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर यांनी २००९ मध्ये तीनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. बेकारांमध्ये मानसिक त्रास असलेल्यांचं प्रमाण ३४ टक्के आणि नोकरदारांमध्ये १६ टक्के निघालं. त्याच माणसांचा पुढे काही वर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासांतून दिसलं की नोकरी गेल्यावर प्रकृती बिघडते आणि मिळाल्यावर सुधारते. आधीच खचलेल्याला काम मिळणं थोडं अवघड जातं हेही खरं, पण मुख्य ओघ बेकारीकडून मनाकडे जाणारा आहे. इतपत हा वाद मिटला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

तरुणांची गोष्ट जरा वेगळी. मारिएनथालच्या कामगारांकडे आधी नोकरी होती आणि ती गेली. शाळा-कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्याकडे जाण्यासारखं काही नसतंच. ॲडलेडच्या ॲन्थनी वाइनफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९८० पासून शाळा सोडणाऱ्या मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यांना आढळलं की काम न मिळालेल्या मुलांची मनःस्थिती फारशी ढासळली नव्हती. चांगलं काम मिळालेली मुलं वर्षागणिक अधिक खुलत गेली आणि त्यामुळे दोघांतलं अंतर वाढलं. शिवाय मनाविरुद्धच्या नोकरीत अडकलेल्यांची अवस्था बेकारांपेक्षा बरी नव्हती. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. तरुणपणी मागे पडल्याची जी भावना येते, तिच्यात बरोबरीच्यांनी पुढे निघून जाण्याचा वाटा मोठा असतो. ‘कुठलीही नोकरी धर, म्हणजे सुटशील’ हा आपल्याकडचा हमखास सल्लाही या निष्कर्षापुढे डळमळतो.

आपल्याकडची पार्श्वभूमी

शिकलेला बेकार हा भारताला नवा नाही. संयुक्त प्रांतात तेजबहादूर सप्रूंच्या समितीने १९३५ मध्ये या विषयावर अहवाल दिला होता. मार्क ब्लॉग आणि सहकाऱ्यांचं भारतातल्या पदवीधर बेकारीवरचं पुस्तक १९६९ चं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून कॉलची वाट पाहणं हा एका अख्ख्या पिढीचा अनुभव आहे. मुंबईत १९६० च्या दशकात ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कार्यालयांतल्या बिगरमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या, १९६६ मध्ये शिवसेना निघाली आणि घरोघरच्या बेकार मुलाचं दुःख सार्वजनिक तक्रार बनलं. त्या राजकारणाविषयी कोणाचं काहीही मत असो, दोष मुलात नसून बाहेर आहे, असं त्या मुलाला कोणीतरी जाहीरपणे सांगत होतं. २०१६ पासूनच्या मराठा मोर्चांमध्येही शेतीची पडझड आणि नोकरीची अप्राप्ती या दोन्ही गोष्टी आरक्षणाच्या मागणीत एकत्र आल्या. खाजगी लाजेला सामूहिक वाट मिळाली की ती हलकी होते का, हा प्रश्न अभ्यासकांनी अजून पुरेसा हाताळलेला नाही.

आजचं चित्र आकड्यांत पाहायचं तर केंद्र सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के झाला. सरकार याला सुधारणा म्हणतं. बऱ्याच अर्थतज्ज्ञांच्या मते या घटीचा मोठा भाग शेतीत आणि घरच्या धंद्यात विनापगारी हातभार लावणाऱ्यांचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत: तरुण पदवीधरांमध्ये बेकारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांसाठी हा दर ४२ टक्क्यांवर होता आणि तिशी ओलांडल्यावर तो दहा टक्क्यांच्या आत येत होता.

हेच आकडे दोन प्रकारे वाचले जातात. एक वाचन असं की गरिबाला बेकार राहणं परवडत नाही. ज्याच्या घरून खर्चाला पैसे येतात तोच मनासारख्या नोकरीसाठी थांबू शकतो, आणि बहुतेकांना तिशीपर्यंत काहीतरी मिळतंच. दुसरं वाचन असं की ते ‘काहीतरी’ शिक्षणाला आणि अपेक्षेला साजेसं असतं की थकून पत्करलेलं, हे आकडा सांगत नाही. दोन्ही वाचनं आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त पहिल्यातलं थांबणं दुरून वाटतं तितकं सुखाचं नसतं.

पेठांमधलं थांबणं

पुण्याच्या सदाशिव, नवी, नारायण या पेठांत जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये मजल्यामजल्यावर अभ्यासिका आहेत. दाराशी चपलांचा ढीग, आत लाकडी फळ्यांनी अलग केलेली टेबलं, प्रत्येकाला नंबर. फळीवर आतल्या बाजूने चिकटवलेलं वेळापत्रक, राज्यघटनेतली कलमं आणि मनाशी ठरवलेल्या पदाचं नाव. राहायला कॉट बेसिसवर खोली, जेवायला मेस. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवहून आलेला मुलगा पहिल्या वर्षी दिवाळीला उत्साहाने गावी जातो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो जाणं टाळतो, कारण पारावर आणि लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न येतो: ‘मग, सध्या काय चाललंय?’ घरी फोनवर वडील विचारतात, ‘यंदा होईल ना?’ त्या विचारण्यात माया असते आणि विकलेल्या सोयाबीनचा हिशेबही असतो. मुलाला दोन्ही ऐकू येतं.

दिवसाची बांधणी हरवणं ही याहोडांची पहिली खूण इथे लागू पडत नाही. सकाळी सातला टेबल गाठणाऱ्या, रात्री अकराला उठणाऱ्या या मुलांचा दिवस कोणत्याही नोकरदारापेक्षा आखीव असतो. सोबत असते, उद्दिष्ट असतं, हाताला कामही असतं. नसतं ते फक्त समाजातलं स्थान. तरीही अपयशाची बोच तीव्र असते. याहोडांची चौकट आपल्याकडे लावताना हा फरक नीट नोंदवायला हवा.

प्रमाणही ध्यानात घ्यावं लागतं. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवेच्या जागा तर काहीशेच असतात. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा आयत्या वेळी पुढे ढकलल्यावर नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली आणि ती परीक्षा त्याच महिन्यात घ्यावी लागली. त्याच वर्षी जूनअखेर, अभियांत्रिकी सेवेची पूर्व आणि मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या पुण्यातल्या एका तरुणाने जीव दिला. त्यानंतर विधिमंडळात चर्चा झाली, रिक्त पदं भरण्याची आश्वासनं दिली गेली. दिरंगाईची मानवी किंमत महाराष्ट्राने इतक्या जवळून क्वचितच पाहिली होती.

आकडेवारीतही हा गुंता दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२० च्या अहवालात आत्महत्या केलेल्यांपैकी १५,६५२ जण बेरोजगार होते, पण आत्महत्येचं कारण ‘बेरोजगारी’ अशी नोंद ३,५४८ जणांचीच. उरलेल्यांच्या रकान्यात कौटुंबिक कारण, आजारपण, व्यसन अशा नोंदी असतात. कारण नोंदवतात पोलिस, आणि ते एकच नोंदवावं लागतं. बेकारी घरातल्या भांडणात, आजारात, मोडलेल्या लग्नात किती मिसळलेली असते, हे त्या रकान्यातून कळायचा मार्ग नाही. मानसोपचारतज्ज्ञ एकाच कारणाकडे बोट दाखवू नका म्हणतात, तेही बरोबरच आहे.

कशाने खचतो: मतभेद

याहोडांच्या बाजूचे लोक म्हणतात, काम हेच औषध. डेव्हिड फ्रायर यांनी १९८० च्या दशकात याला हरकत घेतली. त्यांच्या मते माणूस मुळात धडपड्या असतो. बेकारीत त्याची धडपड पैशाअभावी आणि उद्याच्या अनिश्चिततेमुळे कोंडली जाते. पैसा आणि शाश्वती द्या, तो आपला दिवस स्वतः बांधेल. याहोडा माणसाला पगारी नोकरीवाचून दुबळा ठरवतात, ही त्यांची तक्रार.

या वादात अलीकडे आपल्या शेजारून एक पुरावा आला. बांगलादेशात कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांमध्ये रेश्मान हुसाम आणि सहकाऱ्यांनी काही जणांना पगारी काम दिलं, तर काहींना तेवढीच रक्कम नुसती दिली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार काम मिळालेल्यांची मनःस्थिती लक्षणीय सुधारली, नुसत्या पैशाने फारसा फरक पडला नाही, आणि बरेच जण मोबदल्याशिवायही काम चालू ठेवायला तयार होते. याहोडांचं पारडं इथे जड होतं. पण छावणीतल्या निर्वासितांवरचा निष्कर्ष घरून पैसे येणाऱ्या पदवीधराला जसाच्या तसा लावणं धाडसाचं ठरेल.

तिसरा पक्ष म्हणतो, सगळं आजूबाजूवर अवलंबून आहे. अँड्र्यू क्लार्क यांनी २००३ मध्ये ब्रिटनच्या आकडेवारीवरून दाखवलं की ज्या भागात किंवा घरात इतरही बेकार असतात, तिथे बेकारीची बोच कमी होते. या निष्कर्षाच्या उजेडात पेठांकडे पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. पेठेत सगळेच तयारीतले, त्यामुळे तिथे तो मुलगा ‘एमपीएससी करतोय’. गावात तोच ‘रिकामा’ असतो. म्हणूनच पेठ सोडणं इतकं जड जातं. क्रेग जेफ्री यांनी मेरठच्या कॉलेजांतल्या तरुणांवर लिहिलेल्या २०१० च्या पुस्तकातही थांबलेल्या मुलांचं आपसातलं जग आहे. त्या थांबण्यातून मैत्री, राजकारण, इतरांची कामं करून देण्याची वृत्तीही निपजते, हे त्यांचं म्हणणं आपल्या अनुभवाशी जुळतं.

चौथा धागा दोषाचा. ओफर शरोन यांनी २०१३ च्या पुस्तकात अमेरिका आणि इस्राएलमधल्या पांढरपेशा बेकारांची तुलना केली. अमेरिकेत नोकरी मिळवणं म्हणजे समोरच्याशी सूर जुळवणं, त्यामुळे नकार आला की माणूस स्वतःत खोट शोधतो. इस्राएलमध्ये कागदावरच्या अटी जुळल्या तर निवड, त्यामुळे नकाराचा राग यंत्रणेवर निघतो. म्हणजे स्वतःला दोष देणं स्वभावापेक्षा भरतीच्या पद्धतीतून जास्त घडतं. आपल्या परीक्षांकडे या नजरेने पाहिलं तर विचित्र मिश्रण दिसतं. जाहिरातच निघत नाही किंवा पेपर फुटतो तेव्हा मुलं यंत्रणेवर चिडतात, मोर्चे काढतात. निकालाच्या दिवशी मात्र हातात स्वतःचे गुण आणि कट-ऑफ एवढंच असतं. दोन गुणांनी पूर्वपरीक्षा हुकली की त्या दोन गुणांचं ओझं पूर्णपणे त्याचं. जागा किती आणि अर्ज किती, ही विषमता गुणपत्रकावर छापलेली नसते. माझ्या मते या अपयशभावनेची सगळ्यांत मोठी उकल इथे आहे: ज्या स्पर्धेत बहुसंख्यांचं गळणं आधीच ठरलेलं आहे, तिचा निकाल प्रत्येकाला एकेकट्याने, वैयक्तिक निवाड्यासारखा मिळतो.

मुलींचं वेगळं

मुलींबद्दल या चर्चेत फार कमी लिहिलं गेलं आहे. घरकाम करणारी पदवीधर मुलगी सर्वेक्षणात बहुधा बेकारांत धरलीच जात नाही. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलीला घरून दोन-तीन वर्षांची मुदत असते. पोस्ट निघाली नाही तर स्थळं पाहायची. तिचं अपयश लग्नाने झाकलं जातं आणि ते अपयश होतं हे कोणी नोंदवतही नाही. मुलाचं उलटं: नोकरी नाही म्हणून लग्न अडतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. त्यामागे मुलींचं घटलेलं प्रमाण हेही कारण होतं, पण ‘नोकरीवाला हवा’ ही अट गावोगाव ऐकू येते. मारिएनथालच्या बायका भरभर चालत होत्या म्हणून त्या खचल्या नव्हत्या, असं समजायचं का, हा जुना प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

उपाय आणि त्यांची मर्यादा

वयोमर्यादेवर दोन रास्त भूमिका आहेत. राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. ज्याचं शिक्षणच रखडत झालं, त्या ग्रामीण मुलाला यामुळे न्याय मिळतो. याच सवलतीमुळे थांबायचं कधी, हे सांगणारं कोणी उरत नाही. आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये प्रयत्नांवर मर्यादा घातली होती, खुल्या गटाला सहा आणि इतर बहुतेक मागास प्रवर्गांना नऊ. तीव्र विरोधानंतर ती २०२२ मध्ये मागे घेतली गेली. कुणाल मंगल यांच्या तमिळनाडूवरच्या संशोधनाने या वादात महत्त्वाची भर घातली आहे. तिथे भरती जवळपास बंद असतानाच्या काळात मुलांनी दुसरं काम धरण्याऐवजी तयारीच लांबवली. पुण्यातल्या उमेदवारांच्या त्यांच्या पाहणीतून दिसलं की सरकारी नोकरीचं मोल मुलांच्या मनात पगाराच्या कितीतरी पट आहे. शाश्वती आणि मान यांचं ते मोल आहे.

‘सारथी’, ‘बार्टी’, ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थांच्या विद्यावेतनामुळे अनेकांचा मेसचा खर्च भागतो, घरच्यांपुढे हात पसरण्याची नामुष्की कमी होते. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी उत्तीर्णाला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकाला आठ, पदवीधराला दहा. आधी सहा महिने, मग अकरा. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलनाला बसले. तात्पुरत्या कामाने मन सावरतं की ते सुटल्यावर दुसऱ्यांदा हरल्यासारखं वाटतं, याचा विचार अशी योजना आखतानाच व्हायला हवा.

मानसिक आधाराच्या बाजूने पाहिलं तर अमेरिकेत मिशिगनमध्ये बेकारांसाठी घडवलेला ‘जॉब्स’ हा छोटा गट-प्रशिक्षणक्रम नीट तपासला गेला आहे आणि फिनलंडनेही तो उचलला. नकार पचवण्याची आधीच तयारी करून घेणं हा त्याचा गाभा. सगळ्यांत खचलेल्यांना त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला. आपल्याकडे १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची मोफत मदत २०२२ पासून मिळते, मराठीतही बोलता येतं. अभ्यासिकांच्या भिंतींवर यशस्वी उमेदवारांच्या फ्लेक्सशेजारी हा क्रमांक लागायला काहीच अडचण नसावी.

मारिएनथालमध्येच २०२० च्या ऑक्टोबरात पुन्हा एक प्रयोग सुरू झाला. दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला ऐच्छिक, पगारी कामाची हमी देण्यात आली. मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेनर यांनी केलेल्या मूल्यमापनात लोकांचं समाधान, दिवसाची घडी आणि सामाजिक सहभाग वाढल्याचं दिसलं. शारीरिक आरोग्यात मात्र बदल आढळला नाही. महाराष्ट्राने १९७० च्या दशकात ग्रामीण मजुरासाठी रोजगार हमी देशात सर्वांत आधी आणली होती. ती कल्पना पदवीधरापर्यंत नेता येईल का, त्या कामाला पदवीधर स्वतः काय मान देईल आणि गाव काय देईल, यावर इथे गंभीर चर्चा सुरूही झालेली नाही.

अजून न सुटलेलं

सगळ्यांत मोठी पोकळी सोडून गेलेल्यांची आहे. आयोग शिफारस झालेल्यांची यादी प्रसिद्ध करतो, क्लासवाले त्यांचे फोटो लावतात. पाच-सहा वर्षांनी खोली रिकामी करून गेलेल्यांची यादी कुठेच निघत नाही. त्यातले काही खाजगी शाळेत लागतात, काही विमा विकतात, काही स्वतःच क्लासमध्ये शिकवू लागतात, काही शेतीकडे वळतात. एकदा आलेल्या बेकारीचे व्रण नोकरी मिळाल्यावरही राहतात, असं क्लार्क आणि सहकाऱ्यांच्याच २००१ च्या जर्मनीवरच्या अभ्यासात दिसलं होतं. तो निष्कर्ष आपल्याला लागू पडतो का, हे ठरवायला या मुलांना चाळिशीत गाठून विचारावं लागेल: पेठेतली वर्षं आता कशी वाटतात, सोडायचा निर्णय कोणाच्या सांगण्यावरून घेतला, तो आधी घेता आला असता तर कशामुळे. १९६३ च्या ‘कोसला’ कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर पुण्याहून हात हलवत गावी परतला, त्याच्या परतण्यावर मराठी समीक्षेने साठ वर्षं लिहिलं. आज दर वर्षी तशाच परतणाऱ्या हजारोंचा पाठपुरावा विद्यापीठांच्या समाजशास्त्र आणि मानसशास्त्र विभागांना सहज शक्य आहे. अभ्यासिकांच्या नोंदवह्यांत नावं आणि फोन नंबर असतातच. त्या मुलांची संमती घेऊन एवढ्यावरून सुरुवात करता येईल.